पॅसेजभर चाल

३ नोव्हेंबर

बंधुराज,

आधी एक तक्रार नोंदवून घे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीमागे बसून मी अर्धं आयुष्य लोकांची गाऱ्हाणी लिहून घेतली, तेव्हा माझं एखादं कुणीतरी लिहून घ्यावं एवढा हक्क मला असावा. गाऱ्हाणं असं, की या घरात हल्ली मला स्वतःचे दात घासण्याआधी दुसऱ्याचे दात तपासावे लागतात.

सकाळी डोळे चोळत बेसिनकडे निघाले की वाटेत तुझी लेक आणि तुझा कुत्रा दबा धरून उभे असतात. ती म्हणते, "परीक्षक, दात." मी वाकते. ती त्याचे ओठ वर करते. वरच्या दातांची ओळ खालच्या ओळीवर नीट बसते की नाही हे मी पाहते आणि "ठीक" म्हणते. त्यावर तो माझ्या तोंडावर जांभई देतो. अशा जांभईने जिचा दिवस उजाडतो, तिने खिडकीत बसून लोकांशी गोड बोलावं ही अपेक्षा कुणी ठेवू नये.

आता मुद्दा. तुझा निरोप पोचला. निरोप म्हणजे तुझ्या मालकांच्या ऑफिसातून आलेल्या दोन ओळी: "कुत्रा माझ्या हाताशिवाय रिंगणात चालत नाही. तिथे वाया जातोय, महिनाअखेर गाडी पाठवतो." सहीसुद्धा कुणा कारकुनाची. दोन महिन्यांसाठी म्हणून लेक आणि कुत्रा माझ्या दारात सोडून तू त्या बड्या लोकांचे कुत्रे मिरवायला गेलास, त्याला तीन वर्षं होत आली. एवढ्या काळात तुझ्या हातचं एक अक्षर नाही, आणि आलं ते कुत्र्याबद्दल. लेक वाया जातेय की नाही याची चौकशी त्यात नव्हती. तिची आई असती तर तिनेच तुला दोन शब्द सुनावले असते. पण पोर चार वर्षांची असतानाच ती बिचारी गेली, आणि सुनावण्याचं खातं तेव्हापासून माझ्याकडे वर्ग झालं.

निरोप पोरीने वाचला. रडली वगैरे नाही. ती आपल्या घराण्यातली आहे, रडायच्या ऐवजी नखं कापायला बसली. स्वतःची नव्हे, कुत्र्याची. चारही पंजे झाल्यावर म्हणाली, "आत्या, 'माझ्या हाताशिवाय' म्हणजे काय? हात मलापण आहेत."

"बापाला विचार," मी म्हटलं.

तिने विचारलं. तिने तुला काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही (निदान पूर्ण नाही). पुन्हा कारकुनाच्याच सहीने आलेलं तुझं उत्तर मात्र तिने मोठ्याने वाचून दाखवलं: "चोवीस तारखेला तुमच्याकडे कुत्र्यांचा शो आहे. तिच्या हातात त्याला 'उत्कृष्ट' शेरा मिळाला तर राहू दे. नाहीतर गाडी येईल."

तर असं आहे. पोरगी पंधरा वर्षांची, रिंगणात कधी उतरलेली नाही. कुत्रा चार वर्षांचा, तू गेल्यापासून त्यानेही रिंगण पाहिलेलं नाही. आणि परीक्षक म्हणून सरावाला मी, जिला आजवर कुत्र्याचं पुढचं टोक कुठलं एवढंच कळत होतं.

एक खुलासा राहिला. त्याचं कागदावरचं नाव एवढं लांबलचक आहे की ते पूर्ण हाक मारेपर्यंत तो जेवून झोपलेला असतो. म्हणून मी त्याला जावई म्हणते. न कळवता आला, चांगली खुर्ची धरून बसला, ताटात काय हवं नको ते सगळे त्याला विचारतात, आणि कामाचं नाव काढलं की डोळे मिटतो. तू ठेवलेल्या नावापेक्षा हे त्याला जास्त शोभतं.

तुझी,
ताई

१४ नोव्हेंबर

बंधुराज,

तुझं उत्तर नाही. ते येईल असं धरलंच नव्हतं, म्हणून निराशाही नाही. आमच्या खात्यात याला नियमित पुरवठा म्हणतात.

सरावाचं सांगते. पहिली अडचण जागेची. खालच्या बागेत कुत्र्यांना मनाई अशी पाटी आहे. सोसायटीचा सेक्रेटरी त्या पाटीला टेकून सिगारेट ओढतो, त्याला मनाई नाही. रस्त्यावर गाड्या एवढ्या, की जावयाला फिरवणं म्हणजे गर्दीतून कपाट वाहून नेणं. शाळेचं मैदान शाळा सुटली की कुलपात. तेव्हा उरला आमच्या चौथ्या मजल्याचा पॅसेज. एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला कोपऱ्यावरच्या काकांचं दार, मधे शेजाऱ्यांची पायपुसणी आणि कुणाची तरी मरायला टेकलेली कुंडी. लिफ्टपाशी स्टूल टाकून मी बसते. आमचं रिंगण एवढंच.

तुला हे सगळं पाठ आहे, पण मीही शिकले याचा पुरावा म्हणून लिहिते. आधी कुत्रा उभा करायचा. चारही पाय जागच्या जागी, मान वर, आणि चेहऱ्यावर असा भाव की मला कुणी उभं केलेलं नाही, मी जन्मतःच असा आहे. मग परीक्षक त्याला चाचपणार, दात बघणार. मग त्याला चालवायचं, म्हणजे खरं तर बरोबर पळायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुत्रा कायम परीक्षक आणि आपल्या मधे हवा. वळलो की पट्टा या हातातून त्या हातात. कुत्रा आपल्या आड गेला की परीक्षकाला दिसतं ते फक्त आपलं रूप, आणि त्याला कुणी शेरा देत नाही.

पहिल्या दिवशी हात बदलताना तिने पट्टा स्वतःच्याच पायांत गुंडाळून घेतला आणि कुंडीवर बसली. कुंडीचा प्रश्न त्याबरोबर सुटला. आता मात्र हात बदलते ते मला कळतही नाही. तुझा हात कसा बदलतो हे मी पाहिलेलं नाही, म्हणून तुलना करत नाही.

कोपऱ्यावरचे काका कोर्टातून निवृत्त झालेले. दाराची फट ठेवून रोज सगळं बघतात.

"काय ताई, आजचा निकाल काय?"

"राखून ठेवलाय."

"जन्मभर हेच ऐकलं हो. निदान तारीख तरी द्या."

जावई त्यांच्या दारापर्यंत आला की दार उघडतं. तो वळतो, कुणी न सांगता चारही पाय जुळवून, मान ताठ करून उभा राहतो, आणि काका बिस्कीट देतात. पोरगी यावर बेहद्द खूश. "आत्या, बघ तरी. मी हातसुद्धा लावला नाही, आपला आपण उभा राहतो." मी म्हटलं, उत्कृष्ट. आता रोज तसंच चाललंय. लिफ्टपासून निघायचं, दाराशी थांबायचं, वळायचं, पुतळा व्हायचं. एवढी शिस्त आमच्या कार्यालयात आली असती तर शहराला चोवीस तास पाणी मिळालं असतं.

तिला रिंगणात घालायला माझा ऑफिसचा जुना कोट दिला. त्याला खिसे मोठे आहेत, आणि खिशात उकडलेल्या काळजाचे तुकडे लागतात. ते दाखवलं की जावई मान वर करतो. कोट तिने मधे मधे मला परत दिला. त्याचा फायदा असा झाला की तक्रार घेऊन येणारी माणसं आता दोन पावलं मागे उभी राहतात आणि थोडक्यात बोलतात.

या सगळ्यात मी गुंतलेली नाही हे नमूद करते. संध्याकाळी कार्यालयातून लवकर निघते ते उशीर झाला तर लिफ्ट भरते म्हणून.

परवा सराव संपल्यावर तिने विचारलं, "आत्या, गाडी आलीच, तर तिकडे तो झोपणार कुठे?"

"पिंजऱ्यात. पण मोठे असतात म्हणे."

तिने पट्टा पुन्हा लावला आणि म्हणाली, "परीक्षक, बसा. अजून एकदा."

तुझी,
ताई

२५ नोव्हेंबर

बंधुराज,

कालचा वृत्तान्त. तुला दुसरीकडून कळेलच, पण तिकडे खरं कळण्याची शक्यता कमी.

मैदानभर तंबू. इतकी विस्कटलेली माणसं आणि इतकी विंचरलेली कुत्री मी एका जागी कधी पाहिली नव्हती. जिकडे तिकडे केस वाळवायची यंत्रं घोंघावत होती आणि त्यांच्यापुढे कुत्री डोळे मिटून बसलेली, लग्नाच्या दिवशी नवऱ्यामुलाची आई बसते तशी. एक गृहस्थ स्वतःच्या शर्टावर डाळ सांडलेली ठेवून कुत्र्याच्या मिशा कातरत होते. शेजारच्या तंबूतल्या बाईंनी मला विचारलं, "तुमचं कोण आहे रिंगणात?"

"आमचे जावई," मी म्हटलं.

"अगंबाई, तेही दाखवतात का?" असं म्हणून त्या आपल्या कुत्र्याच्या कानाला पावडर लावायला वळल्या.

पोरीच्या दंडाला नंबर बांधला. गाठ तिने एकदाच तपासली. मी कितीदा तपासली हा इथे विषय नाही.

परीक्षक एक उंच, वाळकी बाई. पायात पांढरे बूट, चेहऱ्यावर काही नाही. सेटर या लांब केसांच्या शिकारी जातीचे तीन कुत्रे, आपला तिसरा. आपल्या पोरीने त्याला उभा केला आणि खरं सांगते, बाकीचे दोन त्याच्यापुढे भाडेकरू वाटले. बाईंनी दात पाहिले. माझ्याहून जास्त अदबीने पाहिले आणि त्याने जांभई दिली नाही. पाठीवरून, मांड्यांवरून हात फिरवला. मान किंचित हलवली, म्हणजे पसंत असावं. मी कोट नसताना खिशात हात घालायला गेले.

मग बाई म्हणाल्या, "चालवा."

निघाले. सुंदर निघाले. रिंगणाच्या दोरीपर्यंत सरळ जायचं, वळायचं, तिरकं जायचं, परत यायचं. आणि दोरी अजून लांब असताना, ऐन मोकळ्या गवतात, जावई थांबला. वळला. चारही पाय जुळवले, मान ताठ केली आणि पुतळा झाला. समोर कुणी नाही, काही नाही. त्याची नजर मात्र अशी, की इथे एक दार आहे आणि ते आता उघडेल.

मला कळायला क्षणही लागला नाही. पोरीलाही. आम्ही दोघींनी मिळून एका शिकारी कुत्र्याला शिकवलं होतं, की जग आमच्या पॅसेजएवढं आहे.

तिने त्याला ओढलं नाही. हळूच पुढे झाली, त्याला सोबत घेतलं, निघाली. तेवढंच अंतर झालं आणि तो पुन्हा थांबला, वळला, पुतळा. लोक हसायला लागले. वाईट हसू नव्हतं, पण हसूच. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा परीक्षक बाई चालत तिच्यापर्यंत गेल्या. मी दोरीपाशीच होते, मला ऐकू आलं.

"काय झालं याला?"

"पॅसेज संपला, मॅडम," तुझी लेक म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "किती लांब आहे तुमचा पॅसेज?"

"लिफ्टपासून काकांच्या दारापर्यंत."

"आणि काका काय देतात?"

"बिस्कीट."

बाईंनी मान डोलावली, कागदावर लिहिलं आणि आपल्या टेबलाकडे परत गेल्या. शेरा असा: "उभं राहणं अप्रतिम. चाल दिसलीच नाही. फार चांगला." या लोकांच्या भाषेत 'फार चांगला' म्हणजे उत्कृष्टच्या एक पायरी खाली. तिघांत तिसरा. तुझी अट पुरी झाली नाही; हे मी तुझ्या सोयीसाठी स्पष्ट लिहिते.

पोरीने रिंगणाबाहेर येऊन त्याला पाणी पाजलं. मी म्हटलं, "चल घरी."

"अजून एक आहे ना. मुलांचा."

मुलांच्या फेरीत कुत्र्याला गुण नसतात, त्याला चालवणाऱ्या पोराला असतात. पाच-सहा पोरं, परीक्षक बाई त्याच. सगळ्यांनी आपापले कुत्रे उभे केले, चालवले. जावई पॅसेजच्या हिशोबाने थांबत गेला, पोरगी प्रत्येक वेळी न चिडता त्याला घेऊन निघत गेली. आणि मग बाई म्हणाल्या, "आता कुत्रे बदला."

ही तुमच्याकडची रीत असेल. मला ठाऊक नव्हती, तिलाही नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार, मी पॅसेजची परीक्षक. शेजारी लाल मोज्यांचा एक मुलगा होता, आजीबरोबर आलेला. त्याने पट्टा पुढे केला, हिने जावयाचा पट्टा त्याच्या हातात दिला.

हिच्या वाट्याला आला तो एक आखूड पायांचा, गवत पुसत जाणाऱ्या कानांचा, गंभीर चेहऱ्याचा प्राणी. निम्म्या वाटेत तो बसला. तिने ओढलं नाही. ती थांबली, गुडघ्यावर बसली, त्याचा एकेक पाय उचलून जागेवर ठेवला, असा, की त्याला वाटावं ही आपलीच कल्पना. मग त्याच्या चालीने चालली, त्याच्या डुलत्या लयीत. पांढरे बूट तिथेच खिळले होते.

आणि पलीकडून लाल मोज्यांच्या मुलाबरोबर जावई निघाला.

बंधुराज, तो थांबला नाही. त्या मुलाला पॅसेज ठाऊक नव्हता, काका ठाऊक नव्हते. तो पोरगा सरळ पळत सुटला आणि जावई त्याच्याबरोबर. पाय असे लांब पडत होते की मधलं गवत त्याला लागतच नव्हतं. दोरीपर्यंत गेला, वळला, तिरका आला. पाठ एका रेषेत, केस मागे. मी त्याला तीन वर्षं सोफ्याखालून ओढून काढलंय, आणि हा कोण तेच मला कळेना. "माझ्या हाताशिवाय चालत नाही" असं तू लिहिलं होतंस. तो दहा मिनिटांपूर्वी भेटलेल्या पोराच्या हातात चालला.

तिचा दुसरा नंबर आला. बाईंनी तिला बाजूला घेतलं. "हात चांगले आहेत तुझे. पहिला दिला असता. पण रिंगणात नजर हातातल्या कुत्र्यावर आणि माझ्यावर हवी. तू शेवटी कुणाकडे बघत होतीस?"

"माझ्या कुत्र्याकडे."

"का?"

"मी त्याला चालताना कधी पाहिलंच नव्हतं."

चालवणारा बाजूला असतो ना, त्याला स्वतःच्या कुत्र्याची चाल कधी दिसतच नाही. तुलाही दिसली नसेल.

घरी येताना टॅक्सीत तो आमच्या दोघींच्या पायांवर आडवा पसरला होता. ती बाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "आत्या, तो पळतो."

"पाहिलं मी."

"नाही, म्हणजे, तो असा पळतो."

गाडी कधी पाठवतोस ते कळव. काकांनी निकाल विचारला, मी म्हटलं, लागला.

ताई

२ डिसेंबर

बंधुराज,

पत्र मिळालं. तुझ्या हातचं, तुझ्या सहीचं, चक्क पानभर. मी आधी पाकिटावरचा पत्ता नीट तपासला, न जाणो पोस्टमनने शेजारचं टाकलं असेल.

परीक्षक बाई तुझ्या जुन्या ओळखीच्या निघाल्या हे वाचलं. त्यांनी तुला फोन करून सांगितलं, की पोरीचे हात तुझ्याहून मऊ आहेत. ते तू स्वतःच्या हाताने मला लिहून कळवलंस, याबद्दल तुला मी पहिल्यांदाच चार चांगले गुण देते. आणि पुढे लिहितोस: "शेऱ्याचं सोड. कुत्रा राहू दे तिच्याकडे. गाडी पाठवत नाही." खाली, शाई बदलून: "तो खरंच त्या मुलाच्या हातात चालला का?"

चालला. मागच्या पत्रात लिहिलंय, पुन्हा वाच. दुखत असेल तर दोनदा वाच.

आता खरी पंचाईत ऐक. पत्र मी तिला दिलं, आणि मी खूश होते हे तुझ्यापासून लपवून काय करू? मी दूधवाल्याला जादा पिशवीसुद्धा सांगून आले होते. ती वाचून म्हणाली, "गाडी पाठव म्हणावं."

"अगं, राहू दे म्हणतोय तो."

"वाचलं मी."

"मग?"

"मग काय. इथे पॅसेज आहे, आत्या."

मी खूप बोलले. गावाबाहेर मोकळी जागा शोधू, रविवारी टॅक्सीने नेऊ, सेक्रेटरीला गाठू, बागेची पाटी काढायला लावू. कार्यालयातल्या माणसांकडून एक पाटी हलवायला किती दिवस लागतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, तरी बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तू परीक्षक आहेस की त्याची वकील?" ती म्हणाली.

"तुझी आहे वकील."

"मग माझं ऐक. बाबाकडे मैदान आहे. मी ते पळणं पाहिलं नसतं तर ठेवला असता. आता रोज सकाळी तो काकांच्या दाराशी उभा राहणार आणि मला तेच दिसत राहणार."

मी म्हटलं, "त्याची आठवण येईल."

"कुणाला?"

मी उठले. दात तपासायची वेळ झाली होती.

तेव्हा गाडी पाठव. तू अट सोडलीस आणि तिने कुत्रा सोडला. दोघं एका माळेचे मणी, समोरच्याने सोडलं की मगच हात उघडतात, असं मी म्हणणार होते. पण ते खरं नाही. तिने आधीच ठरवलं होतं, त्या टॅक्सीत. तुझं पत्र आलं नसतं तरी तिने गाडीच मागितली असती.

"सुटीत तिलाही पाठव, इथे शिकेल" असंही तू खाली लिहिलंयस. ते मी तिला वाचून दाखवलं. ती "बघू" म्हणाली. तेव्हा सध्या एवढंच समज, की कुत्रा परत येतोय, मुलगी नाही. असं कळव म्हणून तिने सांगितलेलं नाही. ही ओळ माझी आहे.

तुझी,
ताई

९ डिसेंबर

बंधुराज,

माल पोचला असेल. पोचल्याचं कळवायची तुझी पद्धत नाही, म्हणून निघाल्याचं मी कळवते.

सकाळी गाडी आली. तुमचा ड्रायव्हर बरा माणूस आहे. "चावतो का?" म्हणाला.

"माणूस बघून," मी म्हटलं.

तो जरा लांब उभा राहिला. पोरीने त्याला सगळं सांगितलं. डाव्या कानात पाणी गेलं की मान हलवतो, ते पुसायचं. जेवण एकदम वाढायचं नाही. "आणि चालताना मधेच थांबला तर ओढू नका. नुसती वाट बघा, मग येतो." ड्रायव्हर म्हणाला, "लिहून देता का?" ती म्हणाली, "बाबाला सांगा. त्याला कळेल." हे तुझं कौतुक होतं की नाही ते तू ठरव.

खाली येताना लिफ्टमधे आमची एक पैज लागली. आम्ही दोघी आणि मधे तो, लिफ्टमधे त्याला वळायलाही जागा नव्हती.

"तो मागे वळून बघणार नाही," ती म्हणाली.

"बघेल. तीन वर्षं खाल्लंय इथलं."

"नाही बघणार. लागली पैज?"

"लागली. काय लावतेस?"

तिने थोडा विचार केला. "हरेल तिने त्याचं भांडं घासायचं. शेवटचं."

"चालेल."

खाली तिने पट्टा ड्रायव्हरच्या हातात दिला. त्याने कधी कुत्रा चालवला नसावा, पट्टा बादलीच्या कडीसारखा धरला होता. तरी जावई त्याच्याबरोबर निघाला. फाटकापासून गाडीपर्यंत लांब वाट आहे, पॅसेजहून लांब. तो थांबला नाही. मान वर, पाठ सरळ, एका लयीत गेला, फळीवरून वर चढला आणि आत जाऊन उभा राहिला, चारही पाय जागच्या जागी. मी अगदी लक्ष देऊन बघत होते. ड्रायव्हरने दार लावलं.

"बघितलं?" ती म्हणाली.

"तसं थोडं मान वळवल्यासारखं..."

"आत्या."

"नाही बघितलं," मी म्हटलं.

ती वर आली, कोटाचे खिसे उलटे करून झटकले, कोट धुवायला टाकला. लाल मोज्यांच्या मुलाच्या आजीचा फोन आला होता, पुढच्या महिन्यात त्यांच्या आखूड पायांच्या महाराजांना रिंगणात चालवायला कुणी हवंय. ती "विचार करते" म्हणाली, आणि क्लासला गेली. जाताना दार हळू लावलं. एरवी आपटते.

त्याने सकाळचं निम्मंच खाल्लं होतं. भांडं त्याच्या जागेवर तसंच पडलं होतं, कडेला वाळलेलं. तीन वर्षांत ते घासायचं काम माझ्याकडे कधी आलं नव्हतं. पहिल्या दिवशीच मी स्पष्ट सांगितलं होतं, की याचं खरकटं मी काढणार नाही, आणि तिने ते कधी काढू दिलं नाही. ती परत यायच्या आत मी बाह्या वर केल्या. वाळलेलं निघायला वेळ लागला. आधी पाण्यात भिजत ठेवलं, मग घासलं, आतून, बाहेरून, बुडाशीही, दोनदा विसळलं आणि ओट्यावर आमच्या दोघींच्या ताटांशेजारी पालथं घातलं.

तुझी,
ताई